शेवटचे २५ ग्रॅम : शिराझच्या एका अडकलेल्या टाकीचं प्रकरण

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातल्या एका मध्यम आकाराच्या वायनरीतलं आहे. वायनरीचं नाव, गाव आणि हंगामाचं साल मुद्दाम गाळलं आहे, आकडे थोडे गोल केले आहेत. मी सल्लागार म्हणून तिथे पोचलो तेव्हा टाकी अडकून, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणारं फर्मेंटेशन मध्येच थांबून, चार दिवस झाले होते. त्यामुळे त्याआधीचा भाग नोंदवहीवरून आणि वाईनमेकर मॅडम व सेलरवरचे नाना यांनी सांगितलं त्यावरून लिहिला आहे.

पार्श्वभूमी

नाशिककडे वाईनच्या द्राक्षांची तोड साधारण जानेवारी ते मार्च चालते. ऑक्टोबरची छाटणी पावसामुळे मागे गेली की तोडही मागे जाते आणि शेवटचे प्लॉट उन्हात सापडतात. या शिराझचं, म्हणजे लाल वाईनच्या द्राक्षाचं, तसंच झालं. त्यात मॅडमना बी पूर्ण तपकिरी झालेलं हवं होतं, म्हणून आणखी थोडं थांबले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात माल आला तेव्हा रसाचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं मोजमाप, २५ होता, म्हणजे लिटरमागे जवळपास २५० ग्रॅम साखर. साधारण १६.८ ग्रॅम साखरेमागे एक टक्का अल्कोहोल धरलं, तर सगळी साखर संपल्यावर ही वाईन पंधरा टक्क्यांच्या उंबरठ्यावर जाणार होती. यीस्टला हे झेपतं, पण आरामात झेपत नाही.

टाकी ५,००० लिटरची. यीस्ट नेहमीचंच, लाल वाईनसाठी वापरतात ते, हेक्टोलिटरला (१०० लिटरला) २० ग्रॅम. सोबत हेक्टोलिटरला ३० ग्रॅम डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, यीस्टला नायट्रोजन देणारं खत), यीस्ट टाकतानाच, एका दमात. रसातला यीस्टला वापरता येणारा नायट्रोजन मोजला नव्हता. "हंगामात वेळ कुठे असतो, सर," असं मॅडम म्हणाल्या. ते खरंच आहे. दिवसाला दोन-तीन ट्रॅक्टर द्राक्षं येत असताना प्रयोगशाळेतला एकुलता एक माणूसही क्रशरवर उभा असतो.

पहिले चार दिवस सगळं सुरळीत होतं. घनता (पाण्याची १ धरून; साखर संपेल तशी ती उतरते) १.०४० पर्यंत उतरली. त्या रात्री वीज गेली, जनरेटर चालू झाला, पण चिलरचा कॉम्प्रेसर ट्रिप होऊन बसला आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पहाटे नानांनी टाकीला हात लावला तेव्हा जॅकेट कोमट होतं. तापमापकावर ३६ अंश. घाईघाईने चिलर चालू करून दुपारपर्यंत टाकी २२ अंशांवर आणली.

अडचण

त्यानंतर फर्मेंटेशन थांबलं नाही, पण त्याचा जोर गेला. १.०१२ ला साली दाबून काढल्या. मग १.००६, १.००४, १.००३. आणि तिथेच. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, हायड्रोमीटर हलेना. साखर पूर्ण संपलेली लाल वाईन साधारण ०.९९३ च्या आसपास दिसते, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. म्हणजे १.००३ हा आकडा दिसायला शून्याजवळचा असला, तरी त्यामागे बरीच साखर दडलेली होती.

नानांनी तोवर त्यांच्या अनुभवातला उपाय करून पाहिला होता: आणखी एक किलो डीएपी. काही झालं नाही.

वायनरीचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी ग्लास ओठाला लावून विचारलं, "चांगली गोड लागतेय की. अशीच भरली तर?" प्रश्न चुकीचा नव्हता. गोडसर लाल वाईनला आपल्याकडे गिऱ्हाईक आहे. पण ही साखर बाटलीत स्वस्थ बसत नाही. यीस्ट पुन्हा उठलं तर बुचं उडतात, आणि ते नाही उठलं तर जिवाणू उठतात. लॅक्टोबॅसिलस या जिवाणूच्या काही जाती फ्रुक्टोज या साखरेचं मॅनिटॉल करतात आणि सोबत ॲसेटिक ॲसिड सोडतात. तशी वाईन एकाच वेळी चिकट, गोड आणि आंबट लागते. टाकीतली उडनशील आम्लता, म्हणजे मुख्यतः हेच ॲसेटिक ॲसिड, चार दिवसांत लिटरमागे ०.३८ वरून ०.४६ ग्रॅमवर गेली होती. वेळ फार नव्हता.

काय दिसलं

पहिली गोष्ट म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, द्राक्षातल्या दोन मुख्य साखरा, वेगवेगळ्या मोजायला लावल्या. एन्झाइमच्या किटने दुपारी आकडे आले: ग्लुकोज २ ग्रॅम, फ्रुक्टोज २५ ग्रॅम. अल्कोहोल १३.२ टक्के.

सुदैवाने क्रशिंगच्या दिवशीचा रस फ्रीझरमध्ये एका बाटलीत ठेवलेला होता. (ही सवय मॅडमची. तिचा जितका उपयोग झाला, तितका बाकी कुठल्याच नोंदीचा झाला नाही.) त्यात ग्लुकोज १२० आणि फ्रुक्टोज १३० निघालं. पिकलेल्या द्राक्षात दोन्ही जवळपास सारखी असतात आणि द्राक्ष जास्त पिकलं की पारडं फ्रुक्टोजकडे झुकतं. त्याच बाटलीतल्या रसात वापरण्याजोगा नायट्रोजन लिटरला ११५ मिलिग्रॅम निघाला. सुरुवातीच्या डीएपीतून आणखी ६० च्या आसपास मिळाला असेल. २५ ब्रिक्सच्या रसाला मी २५० च्या खाली समाधान मानत नाही.

मग सूक्ष्मदर्शक. टाकीच्या मधल्या नळातून घेतलेल्या थेंबात मेथिलिन ब्ल्यू मिसळून काचेवर ठेवला. जिवंत पेशी हा रंग आत टिकू देत नाही, ती फिकट दिसते. मेलेली पेशी निळी होते. इथे दहातल्या सातेक पेशी निळ्या होत्या. ज्या फिकट होत्या त्यांनाही कळ्या नव्हत्या, एकही पेशी नवी पेशी काढण्याच्या बेतात दिसत नव्हती. मध्येच बारीक काड्यांसारखे जिवाणू, थोडे, पण होते. नानांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ डोळा लावून बसले आणि म्हणाले, "म्हंजे मी डीएपी कुणाला घातली मग?"

साखर आत जाते कशी

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय यावर ठरले.

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे आणि बुरशीला गिळता येत नाही. बुरशींचं हे सगळं राज्यच बाहेर एन्झाइम सोडून अन्न तोडतं आणि विरघळलेले तुकडे पेशीपटलातून आत घेतं. उसाची साखर दिली तर यीस्ट ती बहुतेक पेशीच्या बाहेरच, इन्व्हर्टेजने, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तोडतं. द्राक्षात हे काम वेलीनेच करून ठेवलेलं असतं. या दोन्ही साखरा सहा कार्बनच्या, रेणुसूत्रही एकच. पेशीत शिरल्या की हेक्सोकायनेज त्यांना फॉस्फेट चिकटवतं आणि एखाद-दुसऱ्या पायरीनंतर दोघी फ्रुक्टोज-६-फॉस्फेटवर येऊन मिळतात. पुढची वाट एकच. त्यामुळे ग्लुकोज संपलं आणि फ्रुक्टोज उरलं, याचं बरंचसं कारण पेशीच्या दारातच शोधावं लागतं.

ही दारं म्हणजे पेशीपटलात बसवलेली वाहक प्रथिनं. प्रत्येकाची साखळी पटलातून बारा वेळा आरपार जाते. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या आपल्या यीस्टकडे अशा प्रथिनांचं वीसएक जणांचं कुटुंब आहे: एचएक्सटी१ ते १७, गॅलॅक्टोजसाठीचं गॅल२, शिवाय एसएनएफ३ आणि आरजीटी२. शेवटची दोन दिसतात वाहकासारखीच, पण साखर वाहत नाहीत. बाहेर ग्लुकोज किती आहे एवढं ती आतल्या यंत्रणेला कळवतात आणि त्यावरून कुठली दारं बांधायची ते ठरतं. एचएक्सटी१ हे भरपूर साखरेतलं दार, अर्ध्या वेगाला यायलाच त्याला लिटरमागे १८ ग्रॅमच्या घरात ग्लुकोज लागतं. एचएक्सटी६ आणि ७ यांना त्याच्या शंभराव्या भागात भागतं. १९९५ मध्ये एचएक्सटी१ ते ७ ही सात जनुकं काढलेलं यीस्ट ग्लुकोजवर वाढत नाही असं दिसलं. १९९९ मध्ये हेक्सोज साखरा आत जाणं पूर्ण थांबवायला वीस वाहक काढावे लागले.

या दारांचं एक वैशिष्ट्य आहे: त्यांना ऊर्जा लागत नाही. बाहेर जास्त, आत कमी, म्हणून साखर आत येते. दुष्काळात जगणाऱ्या तंतुमय बुरशींना हे परवडत नाही. त्या प्रोटॉनच्या ओढीबरोबर साखर खेचून घेतात, त्यासाठी ऊर्जा मोजतात. मक्यावर काणी आणणाऱ्या उस्टिलागो मेडिसकडे तर सुक्रोज न तोडता अख्खं आत ओढणारा वाहक आहे. सुक्रोज बाहेर तुटलं तर झाडाला चाहूल लागण्याची शक्यता असते, ती यात टळते. फुकटची दारं ही चैन फळाच्या रसात राहणाऱ्यालाच परवडते.

ती चैन कुठून आली, याची गोष्ट लांबची आहे. १९९६ मध्ये यीस्टचा जीनोम पूर्ण वाचला गेला आणि पुढच्याच वर्षी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या वुल्फ आणि शील्ड्स यांनी दाखवलं, की साधारण १० कोटी वर्षांपूर्वी या कुळाचा अख्खा जीनोमच दुप्पट झाला होता. २०१५ मध्ये असं पुढे आलं, की मुळात हा दोन वेगळ्या कुळांचा संकर असावा. बहुतेक जादा प्रती पुढे गळून गेल्या. टिकल्या त्यांत साखर झपाट्याने फोडणाऱ्या एन्झाइमांच्या बऱ्याच होत्या. हेक्सोज वाहकांची जनुकंही या कुळात वाढलेली दिसतात. दुधात रमणाऱ्या क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिससारख्या नातलगाकडे ती मोजकीच आहेत. काळ साधारण तोच, फुलझाडं आणि मांसल फळं पसरत होती तो. ऑक्सिजन हाताशी असतानाही साखर अर्धवट जाळून अल्कोहोल करायचं, त्याने शेजाऱ्यांना हैराण करायचं आणि ग्लुकोज संपल्यावर तेच अल्कोहोल सावकाश खायचं, ही या यीस्टची रीत. २००५ मध्ये बेनर यांच्या गटाने अल्कोहोल डिहायड्रोजिनेज या अल्कोहोल बनवणाऱ्या-मोडणाऱ्या एन्झाइमचं पूर्वज प्रथिन प्रयोगशाळेत पुन्हा घडवलं, तर ते अल्कोहोल बनवण्याकडे झुकलेलं निघालं. परत खायची सोय, म्हणजे एडीएच२, पुढे या एकाच जनुकाच्या दुपटीतून आली.

या सगळ्यात ग्लुकोज पहिल्या पंगतीला बसलं. एचएक्सटी वाहकांना फ्रुक्टोजही चालतं, पण पकड सैल. रस ताजा असताना दोन्ही मुबलक, म्हणून फरक जाणवत नाही. शेवटी जाणवतो.

आपल्या टाकीत लिटरला २५ ग्रॅम फ्रुक्टोज होतं. पेशीच्या हिशेबाने ते काही कमी नव्हे. पण वाहक प्रथिनं कायमची नसतात. नायट्रोजन संपला की पेशी ती मोडून टाकते आणि नवी बांधायला तिच्याकडे माल नसतो. त्यावर १३ टक्के अल्कोहोल. ते पेशीपटल सैल करतं, प्रोटॉन आत झिरपू लागतात आणि ते बाहेर फेकण्यातच उरलेली ऊर्जा जाते. अल्कोहोलचा मार फ्रुक्टोज उचलण्यावर ग्लुकोजपेक्षा जास्त बसतो, आणि नायट्रोजनच्या टंचाईचाही. एका रात्रीच्या ३६ अंशांनी उरलेलं काम केलं. नानांची दुसरी डीएपी वाया गेली तीही याच कारणाने: इतक्या अल्कोहोलमध्ये अमोनियम आत घेणंच बंद पडतं. तो नायट्रोजन टाकीत पडून राहतो आणि पुढे नको त्या जिवाणूंच्या कामी येतो.

पर्याय

वाट पाहणं हा पहिला पर्याय. टाकी २५ अंशांवर ठेवून यीस्ट आपोआप उठतं का बघायचं. तीस टक्के जिवंत आणि एकही कळी नाही, अशा टाकीकडून ही अपेक्षा धरण्यात अर्थ नव्हता. शिवाय आम्लता वाढत होती.

दुसरा, ताजं सुकं यीस्ट भिजवून सरळ टाकीत ओतणं. वायनऱ्यांत हाच सर्वांत जास्त केला जातो आणि सर्वांत जास्त फसतो. साखरेच्या कोमट पाण्यातून उठलेली पेशी १३ टक्के अल्कोहोलमध्ये पडली, की पटल सावरायच्या आधीच मरते. भाऊंचा कल याच्याकडे होता, कारण दोन किलो यीस्ट शेल्फवर पडून होतं.

तिसरा पर्याय ऐकायला विचित्र वाटतो: ग्लुकोज घालणं. स्वित्झर्लंडमध्ये गाफनर आणि श्यूट्झ यांनी १९९६ मध्ये दाखवलं होतं, की ग्लुकोज भागिले फ्रुक्टोज हे गुणोत्तर ०.१ च्या खाली गेलं की टाकी अडकण्याचा धोका मोठा असतो आणि ग्लुकोज घालून ते वर आणलं तर फर्मेंटेशन पुन्हा चालू शकतं. आपलं गुणोत्तर ०.०८. उपाय तत्त्वतः बरोबर होता. पण मेलेल्या पेशींना ग्लुकोज देऊन काय होणार, आणि आधीच साडेचौदाकडे निघालेल्या वाईनमध्ये आणखी अल्कोहोल कशाला वाढवायचं?

चौथा, फ्रुक्टोजचंच प्रेम असलेली बुरशी वापरणं. मध, सुकामेवा, सिरप अशा दाट गोडीत राहणाऱ्या झायगोसॅकरोमायसिसकडे एफएफझेड१ नावाचा वेगळाच वाहक आहे, तो फ्रुक्टोज मोठ्या प्रमाणात आत सोडतो. गंमत म्हणजे हा वाहक त्यांचा वडिलोपार्जित दिसत नाही. वंशवृक्ष सांगतो, की तो तंतुमय बुरशींकडून स्टार्मेरेला नावाच्या यीस्टच्या पूर्वजांकडे आणि तिथून झायगोसॅकरोमायसिसकडे आडव्या वाटेने, वंशपरंपरेने नव्हे, आला. स्टार्मेरेलाच्या कुळाची आणखी एक तऱ्हा २०१८ मध्ये उघड झाली: त्यांनी अल्कोहोल बनवणंच मध्ये कधीतरी गमावलं आणि जिवाणूंकडून आलेल्या जनुकांच्या मदतीने परत मिळवलं. युरोपात अडकलेल्या टाक्यांसाठी झायगोसॅकरोमायसिस वापरून झालं आहे. मला मात्र ते या वायनरीत नको होतं. त्याचीच भावंडं सल्फाइट आणि सॉर्बेट या परिरक्षकांना दाद न देता बाटलीत वाढतात. ज्या सेलरमध्ये होजपाइप रोज गरम पाण्याने धुतले जातीलच याची खात्री नाही, तिथे हा पाहुणा बोलवू नये.

पाचवा, सॅकरोमायसिसमधलाच फ्रुक्टोज चांगला उचलणारा वाण घेऊन, त्याला टप्प्याटप्प्याने अल्कोहोलची सवय लावून टाकी पुन्हा उठवणं. असे वाण आहेत आणि त्यामागचं कारणही बऱ्यापैकी कळलं आहे. अडकलेल्या टाक्यांसाठी विकल्या जाणाऱ्या एका वाणात एचएक्सटी३ चं जनुक थोडं बदललेलं आहे आणि त्यानेच त्याची फ्रुक्टोजवरची कामगिरी सुधारते, हे २००७ मध्ये दिसलं. शॅम्पेनच्या काही वाणांत एफएसवाय१ नावाचा, प्रोटॉनबरोबर फ्रुक्टोज ओढणारा वाहक सापडला, तोही दुसऱ्या यीस्टकडून उसना आलेला. मात्र साखर मुबलक असताना हे जनुक दबलेलं असतं, त्यामुळे त्याचा आधार शेवटच्या काही ग्रॅमांनाच.

सहावा पर्याय नेहमी असतो: दुसऱ्या, कोरड्या वाईनमध्ये थोडी थोडी मिसळून टाकणं. पण या हंगामातली बाकीची लाल वाईन चांगली होती. तिच्यात साखर आणि जिवाणू दोन्ही नेऊन घालायला मॅडम तयार नव्हत्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

पाचवा ठरला. भाऊंनी एकच विचारलं, "किती दिवस टाकी अडकून पडणार?" तीन आठवडे धरा, म्हणालो. शेवटच्या चेनिन ब्लाँला, म्हणजे पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाला, तीच टाकी लागणार होती. ती मग दोन लहान टाक्यांत वाटून घ्यायचं ठरलं.

काय केलं

आधी टाकी स्वच्छ केली. वाईन गाळावरून काढून दुसऱ्या टाकीत घेतली, लिटरला ३० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड दिला. एवढ्याने जिवाणू दबतात आणि नव्या यीस्टला फार त्रास होत नाही. यावर मॅडमचं आणि माझं थोडं वाजलं. त्यांना ५० हवा होता. मॅलोलॅक्टिक, म्हणजे जिवाणूंनी मॅलिक ॲसिडचं सौम्य लॅक्टिक ॲसिड करणं, अजून बाकी होतं, ते ५० नंतर कधी सुरू झालं असतं देव जाणे, म्हणून ३० वर तडजोड झाली.

मग यीस्ट हल्स, म्हणजे यीस्टच्या रिकाम्या पेशीभित्ती, हेक्टोलिटरला २५ ग्रॅम, टाकीला सव्वा किलो. मरत्या यीस्टने सोडलेली मध्यम लांबीची मेदाम्लं जिवंत पेशींच्या पटलाला विषारी ठरतात, ती या भित्तींना चिकटतात. दोन दिवसांनी वाईन पुन्हा वरून काढून घेतली.

स्टार्टर, म्हणजे नव्या यीस्टचं विरजण, २५० लिटरचा बांधला. अर्धी अडकलेली वाईन, ७५ लिटर पाणी आणि ५० लिटर थंड ठेवलेला चेनिन ब्लाँचा रस. रस घेण्यामागे हेतू होता: त्यातून साखर लिटरला ५० ग्रॅमच्या थोडी वर गेली आणि ग्लुकोजही आलं, म्हणजे तिसऱ्या पर्यायातलं जे खरं होतं ते इथे, अख्ख्या टाकीऐवजी फक्त स्टार्टरपुरतं वापरता आलं. अल्कोहोल साडेसहा टक्क्यांच्या आसपास.

२ किलो यीस्ट, म्हणजे हेक्टोलिटरला ४० ग्रॅम, ४० अंशांच्या पाण्यात, सुकं यीस्ट जागं करताना द्यायच्या पोषकासह, वीस मिनिटं भिजवलं. पोषक निष्क्रिय यीस्टपासून केलेलं घेतलं. त्यातली स्टेरॉलं पेशीपटलाला बळ देतात, डीएपी हे देऊ शकत नाही. मग स्टार्टरचं थोडं थोडं मिश्रण त्या बादलीत घालत तापमान खाली आणलं. दहा अंशांपेक्षा मोठी उडी एकदाही घ्यायची नाही, हा नियम नानांनी तापमापक हातात धरूनच पाळला. कुणी घाई केली की ते बादलीवर हात ठेवून उभे राहायचे.

दुसऱ्या दिवशी स्टार्टरची साखर निम्म्यावर आली. इथे थांबलं तर ग्लुकोज संपून पेशी उपाशी पडतात, घाई केली तर अल्कोहोलचा झटका बसतो. निम्म्यावर आली की वाढवायचं, हे खरं. पहिल्यांदा तेवढीच, २५० लिटर वाईन घातली. मग ५००. मग १,०००. प्रत्येक वेळी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. १,००० घातल्यावर कळ्या असलेल्या पेशी एकदम कमी झाल्या, म्हणून एक दिवस जास्त थांबलो आणि तापमान २२ वरून २४ वर नेलं. कळ्या परत दिसल्या, तेव्हा उरलेली सगळी वाईन त्यात सोडली. यीस्टमध्ये वाईन घालायची, वाईनमध्ये यीस्ट नाही. हा क्रम उलटला की आधीचं सगळं पाण्यात.

निकाल

पहिले चार दिवस फ्रुक्टोज दिवसाला जेमतेम दीड ग्रॅम उतरलं. भाऊ रोज येऊन हायड्रोमीटर बघत आणि काही न बोलता जात. २५ चं १९ झालं, मग वेग जरा वाढला, ८ ला पुन्हा मंदावला. साधारण तीन आठवड्यांनी फ्रुक्टोज ३ ग्रॅम, ग्लुकोज अर्ध्या ग्रॅमच्या खाली, अल्कोहोल साडेचौदाच्या आसपास. तिथून पुढे ते हललं नाही आणि आम्हीही हलवलं नाही.

उडनशील आम्लता ०.५८ वर थांबली. खराब म्हणता येणार नाही, पण मूळ बेतातल्या वरच्या लेबलला ती चालणार नव्हती. रंग चांगला राहिला. वासातली जांभळाची बाजू मात्र बोथट झाली, दोनदा वाईन हलवण्याची आणि हल्सची ती किंमत. मॅलोलॅक्टिक जूनपर्यंत रेंगाळलं. शेवटी ही वाईन नेहमीच्या लाल ब्लेंडमध्ये गेली, निर्जंतुक गाळणीतून काढूनच भरली, कारण ३ ग्रॅम फ्रुक्टोजवरही डोळा ठेवणारे सूक्ष्मजीव असतात.

निर्णय कुठे वेगळे घेता आले असते

सगळ्यात मोठा निर्णय टाकी भरायच्या आधीचा होता. बी तपकिरी व्हायची वाट पाहणं ठीक, पण २५ ब्रिक्सचा माल आला की यीस्ट २० ऐवजी ३० ग्रॅम टाकायला हवं आणि नायट्रोजन मोजायला हवा. तो आकडा त्या दिवशी हाती असता, तर डीएपी एका दमात न देता अर्धी सुरुवातीनंतर आणि अर्धी साखर एक तृतीयांश उतरल्यावर दिली असती, सोबत सेंद्रिय नायट्रोजन असलेलं पोषक. एकरकमी अमोनियमने सुरुवातीला पेशींचं पोळं फुगतं आणि शेवटी सगळे उपाशी.

वाण निवडण्याबद्दल माझं मत थोडं टोकाचं आहे. उशिराच्या, जास्त पिकलेल्या मालाला पहिल्यापासूनच फ्रुक्टोज उचलणारा वाण द्यावा. मॅडमना ते पटत नाही. त्यांच्या मते त्या वाणांचा सुगंध शिराझला शोभत नाही. हा वाद मिटलेला नाही, आणि सुगंधाच्या बाबतीत त्यांचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे.

चिलर बंद पडणं हा अपघात, पण ३६ वरून २२ वर अर्ध्या दिवसात आणणं हा निर्णय होता. ताणलेल्या पेशींना तो दुसरा धक्का ठरला. २८ वर थांबून दुसऱ्या दिवशी आणखी उतरवलं असतं, तर कदाचित निम्म्या पेशी वाचल्या असत्या. निदान त्या रात्रीनंतर रोज मेथिलिन ब्ल्यू लावला असता, तर मरणारी टाकी १.०२० लाच ओळखता आली असती. त्या घनतेला अल्कोहोल अकराच्या आत होतं आणि नवा स्टार्टर लावणं निम्म्या त्रासात झालं असतं.

जिवाणूंबद्दल एक शंका मला अजून आहे. २०१४ मध्ये असं दिसलं, की काही जिवाणू यीस्टमध्ये प्रायॉनसारखा (जनुक न बदलता प्रथिनाच्या घडीतून पसरणारा), पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा बदल घडवतात आणि असं यीस्ट ग्लुकोजचा हट्ट सोडून बाकीच्या साखरांकडे वळतं, अल्कोहोल कमी बनवतं. शेजारच्या जिवाणूंची त्यात सोय होते. आपल्या टाकीतल्या त्या बारीक काड्या नुसत्या टपून बसल्या होत्या, की आधीपासून ढवळाढवळ करत होत्या, हे तपासायची साधनं सेलरमध्ये नाहीत. म्हणून उशिराच्या मालाला क्रशरवर सल्फर डायऑक्साइड चुकवू नये, एवढंच आता ठरलं आहे.

पुढच्या हंगामापासून त्या वायनरीत घनता १.०१० च्या खाली गेली की नोंदवहीत दोन नवे रकाने भरले जातात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, वेगवेगळे. किटचा खर्च भाऊंनी सुरुवातीला जरा कुरकुरत मंजूर केला. फ्रीझरमधल्या बाटल्यांवर आता टाकीचा नंबर नाना स्वतः लिहितात.